उपदेशकाच्या पेटीत काय होते? मराठी ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा आंबेडकरी लेखाजोखा

लातूरजवळच्या एका वस्तीत भीमजयंतीला आम्ही पुस्तकांचा स्टॉल लावला होता. दुपारच्या उन्हात एक पन्नाशीचे गृहस्थ आले. बराच वेळ पुस्तके चाळत राहिले आणि शेवटी हळू आवाजात म्हणाले, "बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माबद्दल काय लिहिलंय, ते मराठीत मिळंल का सर?" बोलता बोलता कळले की ते आसपासच्या चार गावांत प्रार्थना घेणारे उपदेशक आहेत. जन्माने मातंग. वीस वर्षांपूर्वी कुठेतरी वर्षभराचे बायबल प्रशिक्षण झालेले. त्यानंतर काय शिकलात, असे विचारले तेव्हा ते हसले. "त्यानंतर कोण शिकवतंय? मोबाईलवर प्रवचनं ऐकतो."

ज्या लातुरात हा संवाद झाला, ते शहर शिकवण्यासाठीच देशभर प्रसिद्ध आहे. 'लातूर पॅटर्न'च्या नावावर हजारो मुले येथे खोल्या करून राहतात. नांदेडातही तेच. दहावी-बारावीच्या आणि वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेसाठी या दोन जिल्ह्यांत शिकवण्यांची रांग लागलेली असताना, त्याच जिल्ह्यांतल्या मातंग आणि महार वस्त्यांत ज्याच्या शब्दाला मान आहे, जो लग्न लावतो, मयत करतो, भांडण मिटवतो, त्या माणसाचे शिक्षण मात्र एका वर्षात संपून जाते. हे असे का झाले? हा केवळ चर्चचा घरगुती प्रश्न आहे, असे मला वाटत नाही. याची मुळे दोनशे वर्षांच्या इतिहासात आहेत आणि त्या इतिहासात जात पानोपानी हजर आहे.

सुरुवात छापखान्यापासून करू. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापला. त्या कामात त्यांना वैजनाथ पंडितांचे साहाय्य होते. पुढे अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत आले आणि १८३१ पासून अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे त्यांचे मोठे केंद्र झाले. तिथूनच १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झाले. गावोगाव फिरणाऱ्या मराठी उपदेशकाला बायबलखेरीज नियमित वाचायला मिळणारे साहित्य म्हणजे हेच. आजच्या भाषेत सांगायचे तर, धर्मसेवकाच्या निरंतर शिक्षणाचे ते पहिले मराठी साधन होते.

आता या साधनाच्या इतिहासातले एक पान प्रत्येक आंबेडकरी कार्यकर्त्याने लक्षात ठेवावे. १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'ज्ञानोदय'ने दोन भागांत एक निबंध छापला. लिहिणारी होती मुक्ता साळवे. जोतिराव-सावित्रीमाईंच्या पुण्यातील शाळेत शिकणारी, चौदा वर्षांची मांग समाजातील मुलगी. विषय होता मांग-महारांचे दुःख. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असा थेट प्रश्न तिने त्यात विचारला. पेशवाईत आपल्या लोकांवर झालेले अत्याचार, बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या बाया, शिकल्याशिवाय सुटका नाही हा निर्धार, हे सगळे त्यात आहे. म्हणजे मराठी ख्रिस्ती नियतकालिकात जातीवरचा सर्वात धारदार लेख एका अख्रिस्ती मांग मुलीने लिहिला आणि त्या नियतकालिकाने तो छापला. हे श्रेय 'ज्ञानोदय'ला दिलेच पाहिजे. फुले स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते आणि अहमदनगरला मिस फरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली होती. ही देवाणघेवाण नाकारण्यात अर्थ नाही.

प्रश्न पुढचा आहे. मुक्ता साळवेने जो विषय मांडला, तो उपदेशकाच्या अभ्यासाचा विषय झाला का?

१८७८ मध्ये रॉबर्ट ह्यूम यांच्या पुढाकाराने अहमदनगरला धर्मशिक्षणाची सेमिनरी उभी राहिली. त्या काळात ख्रिस्ती झालेल्यांत मोठी संख्या महार-मांगांची होती. मराठी ख्रिस्ती साहित्यात आणि धर्मचिंतनात ज्यांची नावे गाजली ती पाहा. बाबा पदमनजी जन्माने कासार. 'यमुनापर्यटन' ही त्यांची १८५७ ची कादंबरी विधवांच्या दुःखावर आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक कोकणस्थ ब्राह्मण. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, अहमदनगरच्या सेमिनरीत त्यांनी शिकवले, पुढे 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन केले. पंडिता रमाबाई चित्पावन ब्राह्मण. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून त्यांनी साध्या बायांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे घालवली. ही सगळी मोठी माणसे आहेत. रमाबाईंनी आणि टिळकांनी स्वतःच्या जातीचा रोष पत्करला, हेही खरे. त्यांच्यावर टीका करणे हा या लेखाचा हेतू नाही.

पण चित्र काय दिसते? मंडळीत बसलेला माणूस महार किंवा मांग. त्याच्यासाठी पुस्तक लिहिणारा बहुधा सवर्ण किंवा गोरा मिशनरी. गावात जो उपदेशक नेमला जाई, तोच शाळेचा मास्तरही असे. अक्षर शिकवायचे, वचन शिकवायचे, आजारपणात धावून जायचे. हा मास्तर बहुतेकदा त्याच वस्तीतला. त्याने पुस्तके वाचली, वाचून दाखवली, पण पुस्तके लिहिण्याच्या खुर्चीपर्यंत तो क्वचितच पोचला. ज्ञान वरून खाली आले. खालून वर काही गेलेच नाही.

बाबासाहेबांनी या गोष्टीवर बोट ठेवले आहे. अस्पृश्यांचे ख्रिस्तीकरण आणि धर्मांतरिताची स्थिती या विषयांवरचे त्यांचे दोन निबंध महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये इंग्रजी खंड पाचमध्ये छापले. मिशनऱ्यांनी आधी वरच्या जाती जिंकण्याचे स्वप्न पाहिले, शाळा-कॉलेजांवर पैसा ओतला, त्याचा फायदा सवर्ण हिंदूंनी घेतला आणि ते हिंदूच राहिले. ज्यांनी खरोखर धर्म स्वीकारला त्या अस्पृश्यांच्या उन्नतीकडे मात्र दुर्लक्ष झाले, असा त्यांचा आरोप आहे. दुसरा आरोप अधिक बोचरा आहे. धर्म बदलला तरी जात चर्चमध्ये सोबत आली आणि चर्चने तिच्याशी लढा दिला नाही.

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. नांदेड आणि लातूर हा सगळा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मुंबई इलाख्यात मराठी शाळांचे आणि छापखान्यांचे जे जाळे तयार झाले, ते इकडे नव्हते. कारभार उर्दूत, १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. मराठवाड्यात ख्रिस्ती कामाची मोठी सुरुवात जालन्याला झाली. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले आणि पुढे १८६० नंतर जालन्यात काम करू लागले. सालारजंगांच्या काळात निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले. तिथे राहायला आलेले धर्मांतरित मुख्यतः मांग-महार होते. गावकुसाबाहेरच्या माणसांना स्वतःचे गाव, घर, शाळा आणि विहीर मिळणे ही त्या काळी किती मोठी गोष्ट असेल, हे ज्याच्या आजोबांनी पाण्यासाठी तासन्‌तास वाट पाहिली आहे त्यालाच कळेल.

याच नारायण शेषाद्रींच्या घरातली एक घटना सांगण्यासारखी आहे. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहायला गेला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. मुलगा परत आणल्यावर त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, यावर मुंबई-पुण्यात प्रचंड वाद झाला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला परत घेण्याची बाजू घेतली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. एका ब्राह्मण मुलासाठी एवढा इतिहास लिहिला गेला. बेथेलमध्ये आलेल्या शेकडो मांग-महारांच्या मनात काय चालले होते, त्यांना काय शिकायचे होते, हे त्यांच्याच शब्दांत सांगणारे एखादे पुस्तक आज आपल्या हाती आहे का? निदान मला तरी कुठल्याही ग्रंथालयाच्या कपाटात ते दिसलेले नाही.

लातूर-नांदेडचा माणूस यापासूनही लांबच होता. आजच्या लातूर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. बिदर हे मेथडिस्ट मिशनचे केंद्र. नांदेडच्या देगलूर-बिलोलीकडे गेले की वस्तीत मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड ऐकू येते. म्हणजे या पट्ट्यातल्या उपदेशकाची बोली एक, मिशनच्या कारभाराची भाषा दुसरी आणि सरकारची तिसरी. मराठी ख्रिस्ती पुस्तकांचे घर अहमदनगर, पुणे, मुंबई. इकडे पोचायची ती पातळ पुस्तिका आणि गीतांचे पुस्तक.

स्वातंत्र्यानंतर मोठ्या संस्था उभ्या राहिल्या. यवतमाळला १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. १९८३ मध्ये तीही पुण्याला गेली. कॅथलिकांची पेपल सेमिनरी १९५५ मध्ये श्रीलंकेतील कँडीहून पुण्याला आली. १९७७ मध्ये औरंगाबादचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला. पदव्यांसाठी श्रीरामपूरची सिनेट आहे. १९१८ च्या कायद्याने तिला अधिकार मिळाला. पण लातूरहून पुणे सव्वातीनशे किलोमीटर आणि नांदेडहून त्याहून शंभर-सव्वाशे अधिक. वरच्या पदव्यांचा अभ्यास मुख्यतः इंग्रजीतून. चार गावांत प्रार्थना घेणाऱ्या, दिवसा मजुरी करणाऱ्या आणि बारावीसुद्धा न झालेल्या माणसाने तिथे कसे जायचे? जो गेला तो बहुधा परत गावात आलाच नाही. हे आपल्याला नवे नाही. आपल्या समाजातला पहिला पदवीधरही असाच शहरात राहिला.

या अडचणीवरचा उपाय दूरच्या ग्वाटेमाला देशात सापडला. तिथल्या प्रेसबिटेरियन सेमिनरीच्या लक्षात आले की शहरात शिकून तयार झालेले पाद्री खेड्यात टिकत नाहीत आणि जे खेड्यात खरोखर मंडळी चालवतात त्यांना सेमिनरीत येता येत नाही. तेव्हा १९६३ मध्ये त्यांनी उलट केले. विद्यार्थ्याला सेमिनरीत बोलावण्याऐवजी सेमिनरीच त्याच्या गावाकडे नेली. पद्धत सोपी. विद्यार्थी घरी स्वतः वाचतो. पुस्तकच असे लिहिलेले असते की प्रत्येक पानावर प्रश्न आणि उत्तरासाठी जागा. रोजचे काम चालूच राहते, म्हणजे शिकलेले लगेच वापरून बघता येते. आणि ठरावीक दिवसांनी आठ-दहा जण शिक्षकाबरोबर बसून चर्चा करतात. भारतात याच पद्धतीची संस्था १९७१ मध्ये बंगळूरला सुरू झाली. 'टाफ्टी' या नावाने ती ओळखली जाते.

मला ही कल्पना मनापासून आवडते. नोकरी, शेती, मजुरी न सोडता शिकता येणे म्हणजे गरिबाच्या बाजूने केलेला विचार आहे. पण पद्धत बदलली म्हणून पेटीतला मजकूर आपोआप बदलत नाही. ज्या उपदेशकांशी माझे बोलणे झाले, त्यांच्यापैकी एकालाही मुक्ता साळवेचे नाव माहीत नव्हते. पौलाची पत्रे त्यांना तोंडपाठ. आपल्याच मंडळीत मातंग आणि महार वेगवेगळे का बसतात, सोयरीक का होत नाही, याचा धडा मात्र त्यांना कोणी दिला नव्हता.

चर्चमधून हा आवाज उठलाच नाही असे नाही. एप्रिल १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ या मराठी धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाने शूद्रांच्या धर्मशास्त्राची मांडणी केली. त्यातूनच पुढे 'दलित थिऑलॉजी' हा विषय उभा राहिला आणि मद्रासच्या गुरुकुल महाविद्यालयात त्याचा स्वतंत्र विभाग झाला. भारतीय धर्मशास्त्र वेदान्ताशी गप्पा मारत बसले आणि मंडळीतल्या दलिताकडे त्याने पाहिलेच नाही, हा निर्मळांचा मुद्दा होता. विचार मराठी माणसाचा, त्यावरचे पुस्तक इंग्रजीत, विभाग मद्रासला. आणि ज्याच्याबद्दल ते लिहिले तो माणूस निलंग्याच्या एखाद्या वाडीत, त्याच्यापर्यंत बातमीसुद्धा न पोचलेला.

काही जण विचारतील, पाद्र्यांच्या शिक्षणाची उठाठेव आंबेडकरी माणसाने कशाला करावी? त्याचे उत्तर बाबासाहेबांनीच दिले आहे. १९३८ च्या सुरुवातीला सोलापुरात, म्हणजे आपल्या लातूरच्या शेजारी, त्यांनी ख्रिस्ती बांधवांच्या सभेत भाषण केले. तुमच्यात शिक्षण आले, पण अन्यायाविरुद्ध चळवळ आली नाही, राजकीय जागृती आली नाही, हे त्यांनी तिथे स्पष्ट सांगितले. ते परके म्हणून बोलले नाहीत. त्या सभेत बसलेली माणसे कालपर्यंत एकाच गावकुसाबाहेरची होती, हे त्यांना ठाऊक होते.

आजही ती तशीच आहेत. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित केल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. १९५६ ला दीक्षा घेतलेल्या आपल्या आई-वडिलांनी केंद्राच्या सवलतींसाठी चौतीस वर्षे काय भोगले, ते आपण विसरलो का? रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात, ख्रिस्ती धर्म पाळणाऱ्या महिलेने हिंदू म्हणून केलेला अनुसूचित जातीच्या प्रमाणपत्राचा दावा फेटाळला. कागदावर हिंदू आणि रविवारी प्रार्थनेत असलेली कितीतरी कुटुंबे आपल्या भागात आहेत. मुलाच्या प्रमाणपत्राचे काय होईल, असे ती कोणाला विचारतात? त्याच उपदेशकाला. आणि त्याला या कायद्याचे एक ओळभर ज्ञान कुठल्याही प्रशिक्षणात मिळालेले नसते. 'देव बघेल' एवढेच तो सांगू शकतो.

नांदेड जिल्ह्याने तर हे रक्ताने शिकवले आहे. १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना मारले गेले. ते मातंग होते आणि जयभीम म्हणत होते. १९९३ मध्ये नांदेडातच गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतले. ज्ञानाच्या दारावर बाबासाहेबांचे नाव असावे यासाठी ही माणसे गेली. मारणाऱ्यांनी कोणाची पोथी कोणती हे तपासले नाही. मग शिकताना आपण ते का तपासावे?

आता आरसा आपल्याकडे वळवू. १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकातील लेखात बाबासाहेबांनी बौद्ध धर्माच्या प्रसारासाठी तीन गोष्टी मागितल्या : एक सुटसुटीत धर्मग्रंथ, भिक्खू संघाच्या रचनेत आणि उद्दिष्टात बदल, आणि जागतिक बौद्ध मिशन. पहिले काम त्यांनी स्वतः 'बुद्ध आणि त्याचा धम्म' लिहून पूर्ण केले. १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. प्रचारक प्रशिक्षित असला पाहिजे, यावर त्यांचा भर होता आणि त्याबाबतीत ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या सेवाभावाकडे ते डोळसपणे पाहत होते. आज आपल्या गावातला बौद्धाचार्य काय वाचतो? श्रामणेर शिबिर झाले, त्रिशरण-पंचशील पाठ झाले, लग्नविधी आला, की त्याचे शिक्षण संपले. लातूरच्या त्या उपदेशकाची जी अवस्था, तीच आपल्या बौद्धाचार्याची. दोघांच्याही हाती विधी दिला गेला आणि ग्रंथालयाची किल्ली मात्र दुसऱ्याच्या कमरेला राहिली.

म्हणून माझा प्रस्ताव साधा आहे. ग्वाटेमालाची पद्धत घ्या आणि पेटी आपली भरा. नांदेड आणि लातूरमध्ये महिन्यातून दोन रविवारी, प्रार्थना आणि वंदना आटोपल्यावर, आठ-दहा माणसांचा वाचनगट बसवा. त्यात उपदेशक असोत, बौद्धाचार्य असोत, आशाताई असोत, बारावीची पोर असो. पहिले वाचन मुक्ता साळवेच्या निबंधाचे. दुसरे सोलापूरच्या भाषणाचे. तिसरे धर्मांतरिताच्या स्थितीवरील बाबासाहेबांच्या निबंधाचे. इंग्रजी येणाऱ्या पोरांनी ते मराठीत सांगावे. चौथे १९५० च्या आदेशाचे, सेतू केंद्रातल्या अर्जासकट. पाचवे निर्मळांच्या मांडणीचे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' सोप्या मराठीत आणले, साहित्य अकादमीने त्याचा गौरव केला, आणि आपल्या शेजारच्या उस्मानाबादेत २०२० च्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. तेव्हा त्यांना विरोध करणारे कोण होते, यावरही चर्चा करा. यासाठी इमारत लागत नाही, देणगी लागत नाही. समाजमंदिराची सतरंजी पुरते.

कोणी कोणाचा धर्म बदलण्यासाठी तिथे बसायचे नाही, एवढी एकच अट. उपदेशकाने येशू सोडू नये आणि बौद्धाचार्याने बुद्ध. सोडायची आहे ती जात, आणि ती सोडायची तर आधी तिचा अभ्यास करावा लागतो.

त्या दिवशी स्टॉलवर त्या गृहस्थांना देण्यासाठी माझ्याकडे ते पुस्तक नव्हते. दोन महिन्यांनी मी सोलापूरच्या भाषणाची छापील प्रत त्यांना नेऊन दिली. त्यांनी ती बायबलच्या पिशवीत ठेवली आणि विचारले, "पुढचं कधी आणता?"

ते पुढचे आणण्याची जबाबदारी आपली आहे.

जयभीम!